तीन पाळ्यांचा रस्ता

इंदुरात पोहे परतत नाहीत, वाफवतात. मोठ्या पातेल्यात पाणी उकळत असतं, त्याच्या तोंडावर परात बसवलेली असते आणि परातीत पिवळ्याधमक पोह्यांचा ढीग वाफाळत असतो. तेल नावापुरतं. फोडणीत मोहरीबरोबर बडीशेप. कांदा कढईत पडतच नाही. तो बारीक चिरून, कच्चाच, वरून येतो. त्यावर शेव, बुंदी, कोथिंबीर, लिंबू, असतील तर डाळिंबाचे दाणे आणि सगळ्यात शेवटी चिमूटभर जिरावण. जिरं, धणे, सुंठ, आमचूर, काळं मीठ, हिंग, लवंग, दालचिनी असा सगळा दरबार कुटून केलेला हा मसाला इंदुरी माणूस पेरूपासून पराठ्यापर्यंत कशावरही भुरभुरवतो.

महाराष्ट्रातून गेलेला माणूस हे पोहे पहिल्यांदा संशयानं खातो. आपल्या मनात पोहे म्हणजे कांदेपोहे: शेंगदाणे, कढीपत्ता, खमंग परतलेला कांदा, वर ओलं खोबरं. पण कांदेपोह्यांची एक अट असते. ते कढईतून उतरले की लगेच खायचे. अर्ध्या तासानं ते कोरडे होतात, घशात अडकतात, आणि पुन्हा गरम केले की चिवट होतात. घरात ही अट पाळता येते, कारण खाणारे मोजके असतात. पहाटेपासून अकरा वाजेपर्यंत गाडा चालवायचा असेल, तर ती पाळता येत नाही. वाफेवर ठेवलेले पोहे मात्र तासन् तास मऊ राहतात. परात रिकामी होत आली की नवे पोहे टाकायचे, झाकण ठेवायचं, काम चालू.

एका दिवसाच्या भटकंतीत या शहराबद्दल जे समजलं, ते या परातीतच होतं. घरचा पदार्थ रस्त्यावर यायचा, तर त्याची घडण बदलावी लागते. इंदुरानं आपल्याकडचे कितीतरी घरगुती पदार्थ रस्त्यावर आणले, आणि रस्त्याला घराची शिस्त लावली. या दोन्ही गोष्टी एकमेकींवाचून झाल्या नसत्या.

सरवट्यांच्या स्टँडवर

आम्ही चौघं पाठीवर सॅक टाकून अवंतिका एक्स्प्रेसनं गेलो. ही गाडी मुंबई सेंट्रलहून संध्याकाळी सुटते आणि सकाळी नाश्त्याच्या वेळेला इंदुरात सोडते. याहून सोयीचं वेळापत्रक खादाड माणसाला कोण देणार? बरोबर एक नागपूरकर मित्र, पोह्यांवर तर्री नसेल तर ते आजाऱ्याचं खाणं आहे असं मानणारा. एक कोल्हापूरकर, ज्याला आम्ही मुद्दामच सांगितलं नव्हतं की रात्रीचा सगळा बाजार शाकाहारी आहे. आणि एक आर्किटेक्ट मैत्रीण, जी कुठल्याही वास्तूत शिरली की आधी छताकडे बघते. सॅक स्टेशनच्या क्लोकरूममध्ये टाकल्या आणि नियम ठरवला: कुठेही एकच प्लेट घ्यायची आणि चार चमचे मागायचे. खिशाला परवडतं हे एक कारण. दुसरं असं की इंदुरात दिवसभर खायचं असेल तर पोटातली जागा जपून वापरावी लागते.

स्टेशनातून बाहेर पडलं की जवळच सरवटे बसस्टँड. तात्या सरवटे, म्हणजे विनायक सीताराम सरवटे, हे घटना समितीचे सदस्य होते आणि ‘मराठी साहित्य समालोचन’चे लेखकही. मध्य प्रदेशातल्या सगळ्यात मोठ्या शहराच्या गजबजलेल्या बसस्टँडला एका मराठी साहित्याच्या इतिहासकाराचं नाव आहे, ही गोष्ट त्या बस पकडणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत असेल कोण जाणे. पण इंदुरातलं मराठीपण असंच आहे. ते मिरवत नाही, पत्त्यात असतं. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथे १९१७ मध्ये झालं, १९३५ मध्ये झालं आणि २००१ मध्येही. त्या वेळी अध्यक्ष विजया राजाध्यक्ष होत्या. लता मंगेशकरांचा जन्म इथलाच, १९२९ चा. चित्रकार बेंद्रे इथले आणि मकबूल फिदा हुसेन इथे वाढलेले. दोघंही देवळालीकर मास्तरांच्या वर्गात शिकलेले.

नाश्त्याला गेलो तर गाड्यासमोर कॉलेजची मुलं, बँकेत निघालेले साहेब, रिक्षावाले आणि भाजी घेऊन परतणारे आजोबा असे सगळे उभ्याउभ्या खात होते. पोह्यांबरोबर जिलबी. ही जोडी आपल्याकडे कुणी सुचवली तर घरातली ज्येष्ठ मंडळी भुवया उंचावतील; इथे जिलबीशिवाय पोहे मागितले तर विकणाराच एकदा वर बघतो. खाल्ल्यावर जोडीचं गणित कळतं. पोहे आंबट-तिखट आणि जवळजवळ बिनतेलाचे, जिलबी तुपात तळलेली आणि पाकात निथळणारी. एकीत जे कमी ते दुसऱ्यात भरून निघतं. नागपूरकराला पुढच्याच गाड्यावर उसळपोहे सापडले आणि त्याचा चेहरा उजळला. तर्रीची सर नाही, असं म्हणत त्यानं प्लेट एकट्यानं संपवली. चार चमच्यांचा नियम पहिल्याच तासात मोडला तो असा.

राजाचा वाडा, लोकांचा चौक

राजवाडा ही इंदुरातली एक इमारतही आहे आणि एक परिसरही. रिक्षावाल्याला ‘राजवाडा’ म्हटलं की तो इमारतीपाशी नेत नाही, गर्दीत सोडतो. मग मान वर केली की सात मजली दरवाजा दिसतो. खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी. मल्हारराव होळकरांनी १७४७ मध्ये तो बांधायला घेतला. नीरेकाठच्या होळ गावातून निघालेला हा माणूस बाजीरावांच्या माळव्यातल्या मोहिमांमधून मोठा झाला, आणि पुढे १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर इंदूर ही होळकरांची राजधानी ठरली.

आमच्या आर्किटेक्ट मैत्रिणीनं आम्हाला दरवाजासमोर बराच वेळ उभं केलं. खाली बघा, ती म्हणाली, हा मराठी वाड्याचा दिंडीदरवाजा आहे. वर बघा, हे झरोके आणि छज्जे राजपुतान्याचे आहेत. आणि सगळं उभं केलंय गढीच्या थाटात, बुरुजांसकट. आत चौक आहे, चौकाभोवती कमानी आहेत आणि होळकरांच्या कुलदैवताचं, मल्हारी मार्तंडाचं देऊळ आहे. जेजुरीचा देव माळव्यात येऊन राजाच्या घरी राहिला.

वाडा तीनदा जळला. १८०१ मध्ये शिंद्यांच्या सर्जेराव घाटग्यानं इंदूर लुटलं तेव्हा, मग १८३४ मध्ये, आणि शेवटी १९८४ च्या दंगलीत. त्या शेवटच्या आगीत समोरचा दर्शनी भाग वाचला आणि मागचा बराचसा वाडा गेला. तो पुढे पुन्हा उभा केला, आणि नंतरच्या दुरुस्तीत जुन्या पद्धतीच्या साहित्यावर भर दिला गेला. आगीला आमंत्रण देणारं इतकं लाकूड पुन्हा का घालायचं, असं कोल्हापूरकरानं विचारलं. लाकूड काढलं तर वाडा राहील, पण राजवाडा राहणार नाही, असं मैत्रिणीचं म्हणणं. दोघंही बरोबर होते, म्हणून वाद लांबला.

वाड्यासमोरच्या बागेत अहिल्याबाईंचा पुतळा आहे. त्यांची राजधानी महेश्वर. इंदुरात त्या राहिल्या ते कमीच. तरी हे शहर त्यांचंच नाव घेतं: विमानतळाला त्यांचं, विद्यापीठालाही त्यांचं. जवळच गोपाळ मंदिर आहे, १८३२ चं, कृष्णाबाई होळकरांनी बांधलेलं. आणि थोडं चालून गेलं की कान्ह नदीच्या काठी कृष्णपुऱ्याच्या छत्र्या. कृष्णाबाई, दुसरे तुकोजीराव आणि शिवाजीराव यांची ही स्मारकं. दगडात कोरलेले सैनिक, वादक, फुलं, वेली. पायऱ्यांवर दुपारी अभ्यास करणारी मुलं बसलेली असतात. स्पर्धा परीक्षांची पुस्तकं मांडीवर, पाठीमागे राजाची समाधी. राजाच्या स्मारकावर बसून तलाठ्याच्या परीक्षेची तयारी करावी, हा लोकशाहीचा बरा नमुना.

हा वाड्याचा चौक कधीच फक्त राजाचा राहिला नाही. रंगपंचमीला इथे ‘गेर’ निघते. पाण्याच्या टँकरमधून आणि मोठमोठ्या तोफांसारख्या यंत्रांतून कित्येक मजले उंच रंग उडवला जातो आणि लाखो माणसं त्याखाली नाचतात. होळकरांच्या काळात राजघराणं आणि रयत एकत्र रंग खेळायला बाहेर पडत, त्याची ही आजची पिढी. आपल्याकडे होळीनंतर रंग खेळायचा तो सोसायटीच्या गच्चीवर. इथे आख्खं शहर रस्त्यावर येतं.

शेठजींचे आरसे, कामगारांचे देखावे

राजवाड्यामागच्या गल्ल्या ओलांडत इतवारिया बाजारात गेलो. तिथे काच मंदिर आहे. सर शेठ हुकूमचंद जैन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेलं हे जैन देऊळ बाहेरून एखाद्या श्रीमंत व्यापाऱ्याच्या हवेलीसारखं दिसतं. आत पाऊल टाकलं की भिंत, खांब, छत, जमीन, सगळं काचेचं. रंगीत काचेच्या तुकड्यांत जैन कथांची चित्रं जडवलेली आहेत. गाभाऱ्यात तीर्थंकरांच्या मूर्ती, आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर आरसे. त्यामुळे मूर्तींची रांग नजर पोचेल तिथपर्यंत मागे जात राहते. फोटो काढू देत नाहीत, हे उत्तम आहे. नाहीतर देवापेक्षा आपलेच चेहरे जास्त निघाले असते.

हुकूमचंद म्हणजे कापसाचे आणि कापडगिरण्यांचे राजे. इंदुराची विसाव्या शतकातली श्रीमंती या गिरण्यांची: मालवा मिल, हुकूमचंद मिल, राजकुमार मिल, कल्याण मिल, स्वदेशी मिल. गिरणगावात वाढलेल्या मुंबईकराला पुढची गोष्ट सांगायला नको. हुकूमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली. तिथल्या सुमारे ४,८०० कामगारांच्या थकीत देण्यांचे २२४ कोटी रुपये मिळायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. तीस वर्षांहून अधिक काळ हे कामगार नेमानं एकत्र जमत राहिले, आणि तोवर त्यांच्यातले कितीतरी गेले.

पण गिरण्या बंद झाल्या तरी त्यांची एक गोष्ट चालू राहिली. अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरणी कामगारांचे देखावे, म्हणजे ‘झांकी’, रांगेनं शहरातून निघतात आणि इंदूर रात्रभर रस्त्याच्या कडेला बसून ते बघतं. गिरणी नाही, भोंगा नाही, पाळी नाही. पण मिलच्या नावाचा देखावा येतोच. इंदुरात भल्या पहाटे पोहे का मिळतात आणि रात्री दोनला दूध का मिळतं, याचं एक उत्तर मला इथे सापडलं. तीन पाळ्यांत काम करणाऱ्या शहराला तीन पाळ्यांत खायला लागतं. काम गेलं, भूक राहिली.

दुपार: लालबाग आणि छप्पन

दुपारी आम्ही लालबाग महालात होतो. दुसऱ्या तुकोजीरावांच्या काळात, १८८६ मध्ये, काम सुरू झालं आणि १९२१ मध्ये, तिसऱ्या तुकोजीरावांच्या वेळी ते पुरं झालं. राजवाड्यात जितकं घर आहे, तितका इथे दिवाणखाना. प्रवेशाची लोखंडी दारं बकिंगहॅम राजवाड्याच्या दारांची नक्कल, इंग्लंडात घडवून जहाजानं आणलेली. आत इटालियन संगमरवर, झुंबरं, छतावर ग्रीक देवदेवता, आणि नाचघराच्या लाकडी जमिनीखाली स्प्रिंगा, म्हणजे पाहुण्यांच्या पायाला उसळी मिळावी. मैत्रिणीनं अर्थातच छताकडे बघितलं आणि मग एवढंच म्हणाली की मल्हाररावांना इथे बसवेना झालं असतं. सोमवारी महाल बंद असतो, एवढं जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

तिथून न्यू पलासियात, छप्पन दुकानांकडे. रांगेत छप्पन दुकानं होती म्हणून हे नाव. २०२० मध्ये अवघ्या ५६ दिवसांत या रस्त्याचा कायापालट केला. गाड्या बाहेर काढल्या, फरशी घातली, बाकं ठेवली, झाडं लावली. हा इंदुराचा नवा चेहरा: तरुण, उजेडाचा, सेल्फीचा. इथल्या ‘जॉनी हॉटडॉग’ दुकानाची कीर्ती मोठी आहे. हॉटडॉग म्हणायला, पण तव्यावर तुपात खरपूस भाजलेला पाव आणि आत बटाट्याची टिक्की. आणि अंड्याचं आम्लेट पावात घालून दिलं की त्याला बेंजो म्हणतात. कोल्हापूरकरासाठी दिवसातला हा एकमेव दिलासा होता. त्यानं दोन बेंजो खाल्ले आणि संध्याकाळपर्यंत कुणावर चिडला नाही.

छप्पन दुकानांवर शिकंजी प्यावी. दिल्लीकडची लिंबाची नव्हे. इंदुरी शिकंजी दुधाची असते. आटवलेलं दूध, त्यात किंचित आंबट मठ्ठा, केशर, जायफळ, वेलची आणि सुका मेवा. श्रीखंड आणि बासुंदी यांच्या मधलं काहीतरी, पण पिण्याजोगं. ग्लास छोटा असतो ते बरंच. हिच्यानंतर सरळ जेवणाचं नाव काढता येत नाही.

सोनं मिटतं, चूल पेटते

दिवसभराची ही सगळी फेरी एका गल्लीसाठी होती. राजवाड्यामागचा सराफा.

दिवसा हा दागिन्यांचा बाजार. अरुंद रस्ता, दोन्हीकडे पेढ्या, पेढ्यांपुढे ओटे. रात्री आठ-नऊच्या सुमाराला शटर खाली येऊ लागतात. कुलूप लागतं न लागतं तोच त्याच ओट्यावर आणि त्यापुढे दुसरं दुकान मांडलं जातं. शेगडी, कढई, पातेली, दिव्याची माळ. एकाचं शटर ही दुसऱ्याच्या दुकानाची मागची भिंत. कोण कुणाच्या ओट्यावर बसणार हे ठरलेलं असतं आणि काही जागा पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या आहेत. ही व्यवस्था कशी सुरू झाली याचं उत्तर इंदुरात कुणीही देतो: रात्री वर्दळ असली की सोन्याच्या पेढ्या फुटत नाहीत. चौकीदाराला पगार द्यावा लागतो, कचोरीवाला उलट भाडं देतो. कथा म्हणून हे मानायचं की इतिहास म्हणून, हे ज्यानं त्यानं ठरवावं. पण व्यवहार म्हणून ते चोख आहे.

आम्ही दहाला शिरलो तेव्हा खांद्याला खांदा लागत होता. आधी भुट्ट्याचा कीस. कोवळी मक्याची कणसं किसणीवर किसतात. तुपात मोहरी, जिरं, हिंग, हिरवी मिरची पडते, मग कीस, आणि थोड्या वेळानं दूध. यातला कसबाचा भाग पुढे असतो. मंद आचेवर, न थांबता, तूप सुटेपर्यंत ढवळत राहायचं. दूध मक्यात मुरतं, कीस खालून लागायला बघतो, उलथनं तो खरवडून वर आणतं. शेवटी किंचित साखर, लिंबू, खोबरं, कोथिंबीर. आपल्याकडे बटाट्याचा नाहीतर रताळ्याचा कीस उपासाच्या दिवशी आई करते. तोच हात, तीच किसणी. माळव्याच्या मक्यावर पडली आणि एक नवा पदार्थ झाला.

साबुदाण्याच्या खिचडीचंही तसंच. ती आपण परततो. इथे भिजवलेला साबुदाणा पोह्यांसारखा वाफेवर ठेवतात. गिऱ्हाईक आलं की मूठभर साबुदाणा भांड्यात घ्यायचा, त्यात दाणे, मसाला, बटाट्याची शेव आणि फराळी चिवडा, कोथिंबीर, लिंबू, आणि वरखाली करून द्यायचा. तेल नाही, चिकटपणा नाही, दाणा न् दाणा सुटा. उपासाच्या खिचडीचा रात्री अकरा वाजता लोक उपास नसताना फडशा पाडत होते. नागपूरकर मित्रानं घोषणा केली की उपासाचे पदार्थ उपासाच्या तावडीतून सोडवले ते इंदुरानं. आम्ही ठराव एकमतानं मंजूर केला.

मग दहीबड्याच्या दुकानासमोर गर्दीत उभं राहिलो. हे दुकान खाण्याइतकंच बघण्याचं आहे. द्रोणात बडा, वर घट्ट दही. आणि विकणारा तो भरला द्रोण हवेत भिरकावतो. द्रोण वर जातो, हलकासा झोका घेतो आणि एक थेंब न सांडता हातात परत येतो. दही किती घट्ट आहे याची ही जाहिरात. पण खरी करामत त्यानंतरची. तो एकाच चिमटीत निरनिराळे मसाले उचलतो: मीठ, तिखट, जिरं, मिरी. आणि चिमूट न सोडता एकेक मसाला वेगळा वेगळा भुरभुरवतो. आधी पांढरं पडतं, मग लाल, मग काळं. बोटांच्या पेरांमध्ये कप्पे असल्यासारखं. लोक टाळ्या वाजवतात, तो दुसरा द्रोण उचलतो.

दिवाळीच्या आगेमागे जाणाऱ्यांना एक हंगामी चीजही मिळते: गराडू. हा जमिनीतला कंद, थंडीत येणारा. सोलताना हाताला खाज सुटते, म्हणून घरी करायला लोक कंटाळतात. म्हणजे हा पदार्थ रस्त्यासाठीच जन्मलेला. फोडी आधी एकदा तळून ठेवतात, मागणी आली की पुन्हा कडक तेलात सोडतात, आणि गरम असतानाच जिरावण आणि लिंबू चोळून देतात. बाहेरून कुरकुरीत, आतून लोण्यासारखा. थंडीत हातात गरम द्रोण आणि तोंडात जिरावणाची आंबट झणझण, एवढ्यासाठीसुद्धा इंदूरला हिवाळ्यात जावं.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगतो. खोबऱ्याचं सारण भरलेलं पॅटिस खावं. तळहाताहून मोठा जलेबा चौघांत एकच घ्यावा. मालपुआ रबडीबरोबर, मावाबाटी जमल्यास. पाणीपुरीला इथे पानी-पताशे म्हणतात आणि एकाच दुकानात कितीतरी चवींची पाणी असतात, हिंगाचं घ्यावं. पेटतं पान खाऊ नये, बघावं. नूडल्स, मोमो आणि चीजचे डोंगर इथेही आले आहेत. ते आपल्या गावातही मिळतात, तिथेच खावेत.

या नव्या पदार्थांवरूनच सराफ्यात वाद पेटलेला आहे. दुकानं वाढली, गर्दी वाढली, अरुंद गल्लीत गॅसच्या टाक्या वाढल्या. आग लागली तर बंब शिरणार कुठून, असं सराफ विचारतात, आणि ते चूक नाहीत. ही खाण्याची चौपाटी इथून हलवा, इथपासून फक्त पारंपरिक पदार्थांची जुनी दुकानं ठेवा, इथपर्यंत मागण्या झाल्या आहेत. तीनदा जळलेल्या राजवाड्याच्या मागच्या गल्लीत आगीची भीती कुणी हसण्यावारी नेऊ नये. माझं मत दुसऱ्या मागणीच्या बाजूचं आहे. गल्ली हलवली तर पदार्थ जातील, पण ओटा जाणार नाही. आणि सराफा म्हणजे तो ओटा आहे. दुकानं मोजकी ठेवावीत, गॅसवर कडक नियम लावावेत, बंबाला वाट ठेवावी, आणि कीस, गराडू, दहीबडा यांना त्यांच्या जागी राहू द्यावं.

तिसरी पाळी

दीड-दोनच्या सुमाराला शेगड्या विझू लागतात. आम्ही निघायच्या बेतात होतो, आणि तेव्हा ज्यांच्यासाठी थांबायला हवं होतं ती माणसं आली. महापालिकेचे सफाई कामगार. सराफ्याची ही तिसरी पाळी. पहिल्या पाळीत सोनं, दुसऱ्या पाळीत खाणं, तिसऱ्या पाळीत झाडू.

इंदूर २०१७ पासून केंद्राच्या स्वच्छ सर्वेक्षणात वर्षामागून वर्ष पहिलं येत गेलं. आपल्याकडे हे सांगितलं की लोक म्हणतात, बक्षिसासाठी केलं असेल. असेल. पण गल्लीत उभं राहून बघितलं की त्यामागची यंत्रणा दिसते. ओला कचरा, सुका कचरा वेगळा. रस्त्यावरच्या कचराकुंड्या शहरानं केव्हाच काढून टाकल्या, आणि कचरा घरातून, दुकानातून थेट गाडीत जातो. त्यातला ओला कचरा देवगुराडियाला जातो. तिथे रोज ५५० टन ओला कचरा घेऊ शकणारा बायो-सीएनजीचा प्रकल्प २०२२ च्या फेब्रुवारीत सुरू झाला, आणि त्या गॅसवर शहरातल्या बस धावतात. म्हणजे आम्ही रात्री खाल्लेल्या कणसाची सालं पुढे कुणाला तरी कामावर पोचवणार होती.

खाणारे पण बदलले आहेत. गर्दीत द्रोण खाली टाकणारा एकही माणूस आम्हाला दिसला नाही, आणि आमच्यातल्या एकानं कागद चुकून खिशाऐवजी ओट्यावर ठेवला तर शेजारच्या अनोळखी काकूंनी डोळ्यांनीच त्याला उचलायला लावला. दंडाच्या पावतीहून ही नजर परिणामकारक आहे. पण नजरेनं रस्ता धुतला जात नाही. तो धुतात रात्री दोनला झाडू घेऊन येणारी बायामाणसं. कौतुकाच्या फलकांवर शहराचं नाव येतं, त्यांचं येत नाही. पहाटेपर्यंत गल्ली मोकळी होते, म्हणून सकाळी सराफ शटर उचलून गादीवर बसू शकतो. आणि म्हणूनच रात्री तो पुन्हा ओटा द्यायला तयार होतो. झाडू थांबला तर दुसऱ्याच दिवशी सोनं आणि खाणं यांचं भांडण लागेल.

महाराष्ट्रातल्या प्रत्येक मोठ्या गावात असा एखादा रस्ता आहे, जो रात्री साडेनऊला मरतो. सराफ कट्टा, कापडपेठ, भांडेआळी. शटर खाली, दिवे बंद, ओटे रिकामे. त्याच गावात दुसरीकडे हातगाडीवाले दिवसभर अतिक्रमणाच्या गाडीच्या धाकानं इकडून तिकडे पळत असतात. एकीकडे जागा आहे आणि माणूस नाही, दुसरीकडे माणूस आहे आणि जागा नाही. दोघांची गाठ घालायला नवी इमारत लागत नाही, हे इंदुरानं दाखवून दिलं आहे. लागतात तीन गोष्टी: कोण किती वाजता बसणार याचं पक्कं वेळापत्रक, चुलीचे आणि गॅसचे कडक नियम, आणि पहाटेच्या आत रस्ता धुऊन देणाऱ्यांना वेळेवर पगार. आपल्या महापालिकांनी एका पेठेत, एका रस्त्यावर, एक हिवाळाभर हे करून बघावं. आणि वाचकांनी तोवर इंदूर गाठावं. शनिवारची रात्र टाळावी, दुपारचं जेवण टाळावं, आणि सराफ्यात रात्री दहाच्या आधी जाऊ नये.